ईश्वरीचे एकतीस शब्द

“हे काय, भरतकामाची रिंग?” मी विचारलं.

इंटरव्ह्यूला आलेली पोरगी हसली. तिनं पर्समधून फाइल काढली, पाण्याची बाटली काढली आणि मग ही लाकडी गोल रिंग. तिच्यात काळं, जाळीसारखं पातळ कापड ताणून बसवलेलं. माझ्या आत्याकडं रुमालावर फुलं काढायला असलीच रिंग होती.

“पोरांसोबत लागते,” ती म्हणाली. “आधी तुम्ही विचारा, काय विचारायचंय ते.”

विचारणार मी होतो. मी, व्यंकट बिरादार, वय चोवीस, शिक्षण बारावी आणि बी.ए.चं पहिलं वर्ष, तेही अर्धवट. आणि उत्तरं देणार होती निलोफर पठाण, आमच्या उदगीरचीच, पुण्याला स्पीच थेरपीच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला. इंटर्नशिप तिला गावाकडं राहून करायची होती आणि ऐकू कमी येणाऱ्या पोरांच्या आमच्या सेंटरला स्टुडंट क्लिनिशियन, म्हणजे शिकता शिकता थेरपी देणारी, पाहिजे होती. सेंटरचे मालक धनुरे सर लातूरला राहायचे. त्यांची अशी तीन सेंटर. उदगीरला फक्त बुधवारी यायचे. त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर नऊ प्रश्न पाठवले होते आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर. “जुळलं की टिक कर, पाचच्या वर आलं की घेऊ,” म्हणाले.

तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, “दादा, मोबाईलमध्ये बघून विचारताय. उत्तर पण त्यातच आहे का?”

“आहे.”

“मग इकडं द्या. मीच टिक करते.”

मला राग यायला पाहिजे होता. आलाही थोडा. पण हसू जास्त आलं.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी लेखक वगैरे नाही. जसं सुचतंय तसं टाइप करतोय, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

मी तिथं रिसेप्शनला लागलो होतो. केसपेपर काढायचा, कानाच्या मशीनचे सेल द्यायचे, फरशी पुसायची. थेरपी द्यायला जोगदंड मॅडम होत्या. त्यांचं लग्न झालं, त्या हैदराबादला गेल्या. सर म्हणाले, “पंधरा दिवसांत दुसरी मॅडम आणतो, तोवर पोरांना खेळव.” पंधरा दिवसांचे एकवीस महिने झाले.

मी पोरांना खेळवत राहिलो. मॅडमची वही मागं राहिली होती, ती पाठ केली. यूट्यूब बघितलं. इंग्रजी कळायचं नाही, पण हात कसे हलवतात ते कळायचं. घसा धरून आवाज दाखवायचा, आरसा धरायचा, तोंड मोठं उघडून बोलायचं. आणि पोरं खरंच बोलायला लागली! मग आईबाप मला सर म्हणायला लागले. पहिल्यांदा मी म्हणलं, “अहो, मी सर नाही.” दुसऱ्यांदा पण म्हणलं. तिसऱ्यांदा नाही म्हणलं.

धनुरे सरांना सगळं माहीत होतं. ते बुधवारी यायचे, मी फाइलीत लिहिलेलं वाचायचे आणि सही करायचे.

सरांच्या यादीत शेवटचं होतं, एखाद्या पोरासोबत काम करायला सांग. त्यासाठी मी देवर्जनहून माझ्याकडं शिकणाऱ्या ईश्वरीला बोलवलं होतं. खरं सांगतो, निलोफरची परीक्षा घ्यायला नव्हतं बोलवलं. तिला दाखवायला बोलवलं होतं. डिग्री नसताना माणूस काय करू शकतो ते बघ, म्हणून.

अकराच्या सुमाराला तिची आई, अयोध्याताई आल्या, ईश्वरीला कडेवर घेऊन. चार वर्षं दहा महिन्यांची पोरगी, खाली उतरवली तर चालेल, पण ताई उतरवायच्या नाहीत.

“सर, रविवारचं बोलवलाव, म्हणलं काय झालं की,” ताई म्हणाल्या. “धुणं तसंच ठेवून आले बघा.”

“काही नाही ताई. ह्या नवीन मॅडम. ईश्वरीचं काम दाखवायचंय.”

“दाखवा की! लेकरू लई बोलायलंय आता. परवा सासूबाईला म्हणलं, भाकर. माझी सासू रडली बघा.”

मी ईश्वरीला समोर बसवलं. दोन्ही कानांमागं मशीन, गुलाबी दोरीनं फ्रॉकला बांधलेली, पडू नये म्हणून. मी म्हणलं, “ईश्वरी, बॉल दे.” तिनं बॉल दिला. “फूल?” फूल दिलं. “पोपट कुठंय?” तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “पोपत.” मी म्हणलं, “माय कुठंय?” तिनं मागं बघून हात केला, “माय.”

एकतीस शब्द होते तिचे. मी वहीत नंबर टाकून लिहून ठेवलेले. एकवीस महिन्यांत एकतीस.

निलोफरनं वही मागितली. यादीवरून बोट फिरवत गेली. पाणी, पापा, बॉल, भाकर, माय, मामा, फूल, पोपट, बस.

“काका नाही म्हणत?” तिनं विचारलं.

“क अवघड असतोय ना. पुढच्या टप्प्यात घेणार आहे.”

“गाय? हत्ती? घर?”

“पुढच्या टप्प्यात.”

तिनं वही मिटली. “मी बसू तिच्याजवळ?”

ती समोर नाही बसली, बाजूला बसली. पाच मिनिटं नुसती रचायच्या चकत्यांनी खेळली तिच्यासोबत. ईश्वरी खुश. मग निलोफरनं ती रिंग उचलली आणि स्वतःच्या तोंडासमोर धरली. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “ईश्वरी, बॉल दे.”

ईश्वरी रिंगकडं बघत राहिली. मग रिंग हातानं बाजूला ओढायला लागली. निलोफरनं ती परत धरली. “फूल दे, ईश्वरी. फूल.”

पोरगी उठली, वाकली आणि रिंगच्या मागं डोकावून तिचं तोंड बघितलं.

“लाजायलीय,” अयोध्याताई म्हणाल्या. “नव्या माणसाला लाजतीय ती.”

“हो, नवीन आवाज आहे ना,” मी म्हणलं. “माझा आवाज ओळखते ती.”

“मग तुम्ही म्हणा,” निलोफरनं रिंग माझ्याकडं दिली.

मी रिंग धरली. “ईश्वरी, बॉल दे.”

काही नाही.

“ईश्वरी, पोपट कुठंय?”

ती चकती चकतीवर ठेवत होती. माझ्याकडं बघत पण नव्हती. माझ्या तोंडासमोर काळं कापड होतं, म्हणजे माझ्याकडं बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“मोठ्यानं म्हणा,” निलोफर म्हणाली.

मी ओरडलो. पोरीचं नाव घेऊन ओरडलो. बाहेर झेरॉक्सवाल्यानं डोकावून बघितलं. ईश्वरीनं नाही बघितलं.

मी टेबलावरचा ढोल घेतला आणि टेबलावर ठेवूनच जोरात वाजवला. ईश्वरी झटकन वळली! मी म्हणलं, “बघा! ऐकलं! बघितलं ना?”

अयोध्याताईनं टाळी वाजवली. “वळली की हो!”

निलोफरनं ढोल टेबलावरून उचलला, हातात अधांतरी धरला, पोरीच्या मागं जाऊन तेवढ्याच जोरात वाजवला. एकदा. दोनदा.

ईश्वरीनं शेवटची चकती बसवली आणि आईकडं बघून हसली.

टेबल हललेलं तिला कळलं होतं. ढोल नाही.

“दादा,” निलोफर हळू बोलली, “तुम्ही कायम समोर बसून शिकवलंत का?”

“मग कुठं बसणार?”

“तोंड झाकून कधीच नाही?”

व्हिडिओत मी हात बघितले होते. कुणी हातानं तोंड झाकलेलं दिसलं असेल, तर खोकला आला असेल वाटलं असेल मला.

“तिच्या सगळ्या शब्दांत ओठ हलतात,” ती म्हणाली. “प, फ, ब, भ, म. जे दिसतं ते ती बोलते. क, ग, ह आतून येतात, दिसत नाहीत. म्हणून तुमचा पुढचा टप्पा येईना. मशीनमधून तिला जवळजवळ काही पोचत नाहीये. टेस्टशिवाय मी नक्की नाही म्हणणार, मी स्टुडंट आहे. पण मशीन लावून सहा महिन्यांत ऐकण्यात फरक पडला नाही, की कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनसाठी पाठवायचं असतं. का नाही पाठवलं?”

मी फाइल तिच्यासमोर ठेवली. माझंच अक्षर. दर महिन्याला एक ओळ. ‘रिस्पॉन्स छान. नवीन शब्द दोन.’ ‘रिस्पॉन्स खूप छान.’ आणि प्रत्येक ओळीखाली सरांची सही, पुढं तेच करत राहा म्हणून.

माझ्या ‘छान’नं तिला अडवून ठेवलं होतं. एकवीस महिने.

अयोध्याताईला ऑपरेशन एवढंच ऐकू आलं. “कशाचं ऑपरेशन? सर, ही काय म्हणायलीय?”

“ताई,” निलोफर खाली बसली त्यांच्यासमोर, “ईश्वरीला ऐकू येत नाहीये. ती तुमचे ओठ वाचते. फार हुशार आहे म्हणून एवढं वाचते. पण—”

“ऐकू येत नाही? भाकर म्हणतीय की ती!” ताईचा आवाज चढला. “तू आज आलीस, तुला काय माहीत माझं लेकरू? सरांनी दोन वर्षं घातलीत हिच्यासाठी. सर, सांगा की हिला. गप काय बसलाव?”

त्या माझ्या बाजूनं भांडत होत्या. माझ्यासाठी. त्याहून वाईट काही असतं का माहीत नाही.

मी म्हणलं, “ताई, मॅडम म्हणतात ते खरंय.”

“तुम्ही भिऊ नका हिला. शहरात शिकली म्हणून—”

“ताई, मी सर नाही.”

“आँ?”

“मी रिसेप्शनला आहे. मी शिकलो नाही ह्यातलं. बारावी झालोय. मॅडम गेल्या, मग मीच करत बसलो. मला वाटलं तिला ऐकू येतंय.”

मला वाटलं ताई आता शिव्या देतील, चप्पल काढतील. मला पाहिजे होतं तसं काहीतरी.

त्या म्हणाल्या, “असूंद्या. बोलायला तर तुम्हीच शिकवलाव.”

आणि ईश्वरीला कडेवर घेतलं.

दुपारी सरांचा फोन आला. “कशीये पोरगी? किती टिक?”

“नऊच्या नऊ.”

“वा! मग?”

मी सगळं सांगितलं. रिंग, ढोल, वही.

“पालकांसमोर बोलली हे?”

“हो.”

“मग नको ती. कळवतो म्हणून सांग. उद्या सगळे पालक दारात उभे करेल. ईश्वरीचं बघू आपण, बुधवारी आलो की.”

“सर, तिला घ्या,” मी म्हणलं. “नाहीतर दारात मीच उभं करतो त्यांना. मी कोण आहे ते मीच सांगतो सगळ्यांना.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटं बोललो. सर म्हणाले, “बिरादार, तुला पोसला मी.” मग म्हणाले, “घे. स्टुडंट म्हणून. सही माझीच राहणार.”

निलोफर अजून बाहेर बाकावरच बसलेली. मी तिला सांगितलं, उद्यापासून या.

“एक अट आहे,” ती म्हणाली. “पोरांजवळ तुम्ही बसायचं नाही.”

“नाही बसणार.”

“राग नका धरू, दादा.”

“राग कसला?”

मग तिनं मला योजनेचं सांगितलं. सरकारी योजनेतून हे ऑपरेशन फुकट होतं, पण त्या योजनेत पाच वर्षांच्या आतलीच पोरं घेतात. निवडीच्या शिबिरात पोर उभं राहील त्या दिवशी पाच पूर्ण झालेली नकोत. लहानपणी ऐकायला लागलं तरच मेंदू भाषा पकडतो, असं काहीतरी ती सांगत होती. मी बोटांवर महिने मोजत होतो. जुलै चालू होता. ईश्वरीला पाच वर्षं सप्टेंबरात होत होती.

“होईल,” मी म्हणलं.

“व्हायला पाहिजे,” ती म्हणाली.

बुधवारी सर आले. ईश्वरीला टेस्टला पाठवा म्हणून निलोफरनं लिहिलेला कागद तसाच बाजूला ठेवला. आधी मशीनचं सेटिंग बदलून बघू म्हणाले. महिना गेला त्यात. रोज ती तोंड झाकून आवाज द्यायची, रोज काही नाही. महिन्यानं सरांनी सही केली, तीही निलोफरनं कागद त्यांच्या गाडीच्या बोनेटवर धरला तेव्हा.

मग बेरा टेस्ट. डोक्याला वायरी लावून बघतात, कानातून मेंदूपर्यंत आवाज जातो का ते. त्यासाठी लेकरू गाढ झोपलेलं लागतं. लातूरची तारीख मिळाली. आदल्या रात्री जागवा, असं निलोफरनं ताईला चार वेळा सांगितलं. ताई आणि सासूनं मिळून पोरीला रात्रभर जागवली. आणि सकाळी जीपमध्ये ईश्वरी चाकूरपासून झोपली ती थेट हॉस्पिटलच्या दारात ताजीतवानी होऊन उठली. औषध पाजलं, ओकून टाकलं. दुपारी चारपर्यंत ती वॉर्डात पळत होती. नर्स म्हणाली, पुढची तारीख बारा दिवसांनी.

ताई मला म्हणाल्या, “सर, मी चिमटे काढले हो गाडीत. लई काढले. तरी झोपली.” त्या अजून सरच म्हणायच्या.

बारा दिवसांनी टेस्ट झाली. निलोफर म्हणाली तेच निघालं. मग स्कॅन, मग लसीचे दाखले, मग रहिवासी दाखला, ज्याच्यात ग्रामसेवकानं ईश्वरीचा ईश्वर केला. मी रिसेप्शन सोडून पळत होतो. दुसरं काय करणार? खुर्चीत बसलं की आतून निलोफरचा आवाज यायचा, एखाद्या पोराला तोंड झाकून हाक मारताना, आणि मी श्वास धरून बसायचो, ते पोर ‘ओ’ देतंय का बघत.

बऱ्याच पोरांनी दिली. हेही सांगायला पाहिजे. आमच्याकडं चौदा पोरं होती, त्यातल्या अकरांना मशीनमधून चांगलं ऐकू येत होतं. दोघांच्या मशीन बदलाव्या लागल्या. एकटी ईश्वरी राहिली.

शिबिराचं पत्र आलं, ते दसऱ्यानंतरच्या सोमवारचं. ईश्वरीला पाच वर्षं एक महिना झाला होता.

निलोफर म्हणाली, “ताईंना वयाचं सांगा.”

“सांगतो.”

नाही सांगितलं. मी म्हणलं जाऊन तर बघू. मी एक पत्र लिहिलं होतं, चार पानी. माझ्या हातानं. ‘ह्या मुलीला एकवीस महिने शिक्षण नसलेल्या माणसानं थेरपी दिली, तो माणूस मी आहे. उशीर तिच्या आईबापाचा नाही, माझा आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण मुलीचं वय तेवढे महिने मागं धरा.’ खाली नाव, आधार नंबर, सही. सरांचं नाव पण लिहिलं. मला खरंच वाटत होतं की हे वाचून कुणीतरी हादरेल. कुणीतरी वरच्याला फोन लावेल. चूक कबूल केली की जगात काहीतरी हलत असेल, असं मला चोविसाव्या वर्षापर्यंत वाटायचं.

लातूरला हॉस्पिटलच्या वरांड्यात शंभरेक लेकरं होती. निलोफर नव्हती, तिची पुण्याला परीक्षा होती. ताईनं ईश्वरीला नवा फ्रॉक घातलेला, दोन वेण्या, कपाळाला टिकली. ईश्वरी दुसऱ्या एका पोराला मशीनची दोरी दाखवत होती.

अडीच वाजता आमचा नंबर आला. टेबलामागं एक वयस्कर डॉक्टर, चष्मा नाकावर. चांगला माणूस वाटला. मी आधी पत्र पुढं केलं.

“काय आहे?”

“साहेब, आधी एवढं वाचा.”

त्यांनी वाचायला घेतलं. पहिलं पान पूर्ण वाचलं. दुसरं अर्धं. माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. मग पानं नीट जुळवली, टाचणी लावली आणि फाइलीच्या सगळ्यात खाली ठेवली.

“ह्याचा इथं उपयोग नाही, बाळा,” ते म्हणाले. “मला फक्त एक रकाना भरायचाय.” मग ताईकडं वळले. “मुलीची जन्मतारीख सांगा.”

मी म्हणलं, “साहेब—”

“त्यांना सांगू द्या.”

अयोध्याताई खुर्चीच्या टोकाला सरकल्या. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांना असं काही विचारलं होतं, जे त्यांना येत होतं. पदर सारखा केला. तोंड उजळलं बाईचं.

“एकोणीस सप्टेंबर,” त्या म्हणाल्या. “गुरुवार होता, साहेब. आदल्या दिवशी गणपती उठलेले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दोन किलो आठशे भरली होती. नर्सबाई म्हणली, लई रडतंय लेकरू, आवाज खणखणीत आहे.”

आणि माझ्याकडं बघून हसल्या, बरोबर सांगितलं ना सर, म्हणून.

डॉक्टरांनी तारीख लिहिली. पेनाला टोपण लावलं.